कशाच्या मानाने? : गुणोत्तराचा अभ्यास आणि आपला व्यवहार

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून इतिहासावरचाच लेख अपेक्षित असणार, हे आम्ही जाणून होतो. तरीही आम्ही गणितातील एका प्रकरणावर लिहीत आहोत. त्याचे कारण असे की, मध्यंतरी शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली आणि सातवी-आठवीचे गणित दोन वर्षे आमच्याकडे आले. इतिहासात एम.ए. केलेल्या माणसाने गणित शिकवायचे, म्हणजे रात्री स्वतः सोडवून पाहायचे आणि सकाळी वर्गात उभे राहायचे. त्या दोन वर्षांत आम्ही मुलांना किती शिकवले, हे सांगणे कठीण आहे. परंतु 'गुणोत्तर व प्रमाण' हे प्रकरण मात्र आम्ही स्वतः पहिल्यांदा शिकलो.

सुरुवात फजितीने झाली. शालेय पोषण आहाराचा तक्ता आम्ही फळ्यावर लिहिला. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम. सहावी ते आठवीच्या एका मुलामागे तांदूळ १५० ग्रॅम; तर डाळ किती? निम्म्याहून अधिक वर्गाने एका सुरात उत्तर दिले, "सत्तर!" तांदूळ ५० ग्रॅमने वाढला, म्हणून डाळही ५० ग्रॅमने वाढवली. बेरीज अचूक होती. आम्ही समजावून सांगण्याच्या तयारीत असतानाच मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, इतकी डाळ कुणाच्या घरी टाकतेत?"

ही मुलगी ऊसतोड कामगारांची. वसतिगृहात येण्यापूर्वी दोन हंगाम तिने फडावरच्या खोपीत चूल सांभाळली होती. तिला गुणोत्तर हा शब्द ठाऊक नव्हता. पण तांदूळ वाढला तर डाळ 'त्या मानाने' वाढते, तितक्याच ग्रॅमनी वाढत नाही, हे तिच्या हाताला ठाऊक होते. तक्त्यातील उत्तर ३० ग्रॅम आहे. १०० ला २० आणि १५० ला ३०, दोन्हीकडे तांदूळ डाळीच्या पाचपट. भाजी ५० ची ७५ होते, तेल ५ चे साडेसात होते. सारे काही दोनास तीन या मानाने वाढते.

दोन राशींची तुलना दोन रीतींनी करता येते. एक वजाबाकीची : कितीने जास्त. दुसरी भागाकाराची : किती पट. या दुसऱ्या रीतीने मिळणाऱ्या संबंधाला गुणोत्तर म्हणतात. ५ : १ असे लिहिले की आधीचे पूर्वपद आणि नंतरचे उत्तरपद. गुणोत्तर मांडताना दोन्ही पदे एकाच एककात हवीत. किलोची तुलना ग्रॅमशी करायची असेल, तर आधी किलोचे ग्रॅम करून घ्यावे लागतात. उत्तरपद शून्य असू शकत नाही. दोन गुणोत्तरे समान असली, की त्या चार संख्या प्रमाणात आहेत असे म्हणतात, आणि त्यांतील तीन माहीत असतील तर चौथी काढता येते. हेच जुने त्रैराशिक. बाराव्या शतकात, ११५० च्या सुमारास, भास्कराचार्यांच्या लीलावतीत त्यातील तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावे आहेत. संस्कृत श्लोकांतली ती विद्या आमच्या पूर्वजांच्या वस्तीपर्यंत कधी आली नाही, ही गोष्ट वेगळी. चुन्यात वाळू किती आणि चामड्याला साल किती, हा हिशेब ते पिढ्यान्‌पिढ्या हातानेच करीत राहिले.

व्याख्या पाठ झाल्यावर मुले भराभर गुणोत्तरांचे संक्षिप्त रूप देऊ लागतात. १० : १५ दिसले की २ : ३. परीक्षेपुरते ते ठीकच. पण परभणी जिल्ह्यातल्या मुलांना हे रूप शेतात नेऊन पाहायला सांगावे, असे आम्हांला वाटले. आपल्याकडे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. सोयाबीन आणि तूर यांचे आंतरपीक ४ : २ या प्रमाणात घ्यावे, ही विद्यापीठाची शिफारस आपल्या बहुतेक पालकांना तोंडपाठ असते. आठवीतल्या एकाने हात वर केला : "सर, ४ : २ म्हणजे २ : १ च की. मग विद्यापीठानं संक्षिप्त रूप का नाही दिलं?"

प्रश्न चोख होता आणि उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते दुसऱ्या एका मुलाने दिले, फळ्यावर तिफण काढून. तिफणीला तीन फण. दोन फणांत सोयाबीन आणि कडेच्या फणामागे तूर सोडली, तर एका तासात दोन ओळी सोयाबीन, एक ओळ तूर. शेताच्या टोकाला औत वळले की उजवी बाजू डावी होते. त्यामुळे परतीच्या तासात तुरीची ओळ आधीच्या तुरीच्या ओळीला लागून येते. जाता-येता असेच चालू राहिले की शेतात आपोआप चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर असे पट्टे पडतात. तूर मधल्या फणामागे सोडली, तर मात्र सलग २ : १ होते. दोन्हींत सोयाबीन तुरीच्या दुप्पटच. कागदावर गुणोत्तर एकच. परंतु तुरीला मिळणारी मोकळी हवा, फवारणी करताना फिरायची जागा आणि सोयाबीन काढताना तुरीची होणारी अडचण यांत फरक पडतो. संक्षेप करताना ओळींची मांडणी हरवते. मुलाने फळ्यावर टिंबे काढून हे दाखवले, तेव्हा आम्ही खुर्चीवर बसून वहीत उतरवून घेत होतो.

खताच्या पोत्यावरचे १०:२६:२६ हे आकडेही मुलांनी असेच ५:१३:१३ केले. नत्र, स्फुरद, पालाश यांचे परस्परांतील गुणोत्तर त्याने बदलत नाही, हे खरे. पण पोत्यावरच्या प्रत्येक आकड्यामागे 'शंभर किलोंत' हे उत्तरपद न लिहिता उभे आहे. ५० किलोंच्या १०:२६:२६ च्या पोत्यात नत्र ५ किलो, स्फुरद १३ किलो, पालाश १३ किलो. ५:१३:१३ असे खत खरोखर कोणी विकले असते, तर त्याच पोत्यात याच्या निम्मेच अन्न निघाले असते. फवारणीच्या औषधाचेही तसेच. वेष्टनावर मात्रा १० लिटर पाण्याला दिलेली असते आणि पाठीवरचा पंप असतो १५ किंवा २० लिटरचा. १० लिटरला ४ मिलि असेल, तर १५ लिटरला ६ मिलि. अंदाजाने झाकणभर ओतण्याचा हा विषय नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. त्यामागे कारणे अनेक होती. तथापि पंप ज्याच्या पाठीवर आहे, त्याला हा हिशेब आलाच पाहिजे.

न लिहिलेले उत्तरपद किती महाग पडते, हे आम्ही घरातच पाहिले आहे. आमचे वडील तीन एकरांचे धनी. पेरणीच्या दिवसांत बियाण्याला पैसा नसे. एका वर्षी दोन हजारांची गरज होती. सोसायटीचा दर बारा टक्के आणि गावातल्या एका सावकाराचा 'शेकडा तीन'. सोसायटीत कागदपत्रे, जामीनदार आणि हेलपाटे. तिथले दार आमच्यासारख्यांना सहज उघडत होते, असेही नाही. परंतु वडिलांच्या मनाचा कौल ज्याने लागला, तो हिशेब साधा होता : तीन हे बारापेक्षा कमी. त्यांनी सावकाराकडून पैसे घेतले.

शेकडा तीन म्हणजे शंभर रुपयांना तीन रुपये, दरमहा. 'दरमहा' हा शब्द कोणी उच्चारत नाही. तो गृहीत असतो. सोसायटीचे बारा टक्के वर्षाचे. दोन हजारांवर सावकाराचे व्याज महिन्याला ६० रुपये. मृगात घेतलेले पैसे कापूस विकून आठ महिन्यांनी फिटले, तेव्हा व्याज झाले ४८०. सोसायटीकडे तेच आठ महिन्यांचे १६० झाले असते. तीन आणि बारा यांची तुलना करायचीच, तर दोन्हीकडे काळ एकच हवा : वर्षाला ३६ आणि वर्षाला १२, म्हणजे ३ : १.

याहून मनाला लागणारी गोष्ट अशी की, त्या वर्षी आम्ही नववीत होतो आणि सरळव्याजाच्या उदाहरणांत आम्हांला पैकीच्या पैकी गुण होते. वडिलांचा व्यवहार आमच्यादेखत झाला. आमच्या तोंडून शब्द निघाला नाही, कारण पुस्तकातले 'द.सा.द.शे.' आणि ओसरीवरचे 'शेकडा' यांचा काही संबंध आहे, हे आमच्या ध्यानातच आले नाही. 'दरसाल दर शेकडा' यातला 'दरसाल' हा शब्द कशासाठी आहे, हे कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांतून मोडी आणि बाळबोध लिपींबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, असा आग्रह धरला होता. पुढे बी.ए.च्या वर्गात ते वाचताना आम्हांला ही ओसरी आठवली.

आज सावकाराची जागा काही अंशी गटाच्या कर्जाने घेतली आहे. आपल्या वसतिगृहातील कितीतरी मुलांच्या माता अशा गटांत आहेत. 'फ्लॅट १२ टक्के' असे सांगून दहा हजार दिले आणि वर्षाच्या बारा हप्त्यांत १०,००० मुद्दल अधिक १,२०० व्याज परत घेतले, तर दर खरोखर १२ टक्के पडतो का? पहिल्या महिन्यात दहा हजार हाती असतात. प्रत्येक हप्त्याबरोबर मुद्दल फिटत जाते आणि शेवटच्या महिन्यात आठशे-साडेआठशेच उरतात. वर्षभरात सरासरीने वापरायला मिळालेली रक्कम भरते सुमारे ५,४१७ रुपये. १,२०० ची तुलना त्या रकमेशी केली, तर दर निघतो सुमारे २२ टक्के. मुद्दल कमी होत गेले, तरी उत्तरपद मात्र दहा हजारांवर तसेच धरून ठेवलेले असते. हे गणित आठवीच्या मुलांना जमते. आईला समजावून सांगताना त्यांची थोडी ओढाताण होते, एवढेच.

आता इतिहासाकडे वळल्यावाचून आम्हांला राहवत नाही. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा इथे हाली सिक्का चाले आणि राज्याबाहेर ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान भारतात आले, तरी काही वर्षे दोन्ही नाणी बाजारात होती. १९५० मध्ये सात हाली रुपये बरोबर सहा भारतीय रुपये हा दर होता, आणि हाली सिक्का पुरता बाद झाला तो १९५९ साली. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांना बाजारात रोज ७ : ६ हे गुणोत्तर चालवावे लागत होते.

वर्गात आम्ही हाच प्रश्न घातला. ४२ हाली रुपयांचे कलदार किती? ४२ चा सातवा भाग ६. तो वजा केला की ३६. उलट ३६ कलदारांचे हाली करायचे, तर ३६ चा सहावा भाग ६ मिळवायचा, ४२. जाताना सातवा भाग वजा आणि येताना सहावा भाग अधिक, कारण उत्तरपद बदलले. मुले इथे हटकून अडखळतात. ४२ मधून सहावा भाग वजा केला, तर हाती ३५ येतात आणि एक रुपया जातो. ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्या माणसांनी आठवडी बाजारात हे कसे निभावले असेल? आमचे आजोबा म्हणत, की ते सात-सातच्या चळती लावीत आणि प्रत्येक चळतीसाठी सहा मागून घेत. भागाकार टाळण्याची ही युक्ती निर्दोष आहे आणि आम्ही ती आजही वर्गात दाखवतो.

नाण्यांच्या दराचा हाच प्रश्न देशाच्या पातळीवरही गाजला होता. १९२३ साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे हिल्टन यंग आयोग नेमला गेला आणि १९२५ मध्ये बाबासाहेबांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. वाद असा होता, की एका रुपयाची किंमत १ शिलिंग ४ पेन्स धरावी की १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजेच १६ पेन्स की १८. गुणोत्तर ८ : ९. दिसायला फरक थोडा. पण परदेशी कापूस विकून एक पौंड, म्हणजे २४० पेन्स, मिळवणाऱ्या व्यापाऱ्याला १६ पेन्सच्या दराने १५ रुपये मिळत आणि १८ च्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणून निर्यातदार आणि गिरणीमालक १६ पेन्सच्या बाजूचे. त्यालाच राष्ट्राचे हित म्हटले जात होते. बाबासाहेबांनी दाखवून दिले, की स्वस्त रुपयामुळे होणारा हा लाभ बाहेरून देशात येत नाही. तो देशातल्याच एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जातो. रुपया स्वस्त झाला की वस्तूंचे भाव चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते; व्यापाऱ्याचा जादा रुपया मजुराच्या ताटातून येतो. १९२७ च्या कायद्याने दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग दोन ओळींत उरकलेला असतो. आमच्या मते तो गणिताच्या पुस्तकातही असायला हवा.

त्याआधीचा, १९१८ चा, एक निबंध आहे. भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय हा त्याचा विषय. इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. पदव्युत्तर अभ्यासाच्या वेळी आम्ही तो वाचला, तेव्हा त्यातले गणित आमच्या लक्षात आले नव्हते. त्या काळी सर्वांचे म्हणणे असे, की जमिनीचे तुकडे फार लहान झाले आहेत, ते जोडून मोठे केले की शेती परवडेल. किती एकर म्हणजे परवडणारे शेत, याचे आकडे मांडले जात होते. बाबासाहेबांनी प्रश्नच बदलला. शेत लहान की मोठे, हे नुसत्या एकरांवरून कसे ठरेल? जमीन, भांडवल आणि श्रम यांचे परस्परांतील प्रमाण योग्य आहे का, हे पाहिले पाहिजे. अवजारे आणि बैल पुरेसे असतील, तर लहान शेतही किफायतशीर ठरते. ती नसतील, तर मोठे शेतही तोट्याचे. आपल्याकडे जमिनीवर माणसांचा भार फार आणि भांडवल तुटपुंजे. म्हणून तुकडे जोडल्याने रोग बरा होणार नाही, जादा श्रम शेतीबाहेर उद्योगात गेले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हे समजायला आम्हांला दूर जावे लागले नाही. समजा, एक बैलजोडी दहा एकरांचे काम ओढते. दहा एकरांच्या शेतात जोडीचा वर्षाचा खर्च दहा एकरांवर पसरतो. आमच्या तीन एकरांत तोच खर्च तीन एकरांवर बसत असे. उरलेल्या सात एकरांच्या कामाइतके बैल नुसते खात. म्हणून वडील एकच बैल ठेवीत आणि शेजाऱ्याच्या एका बैलाशी सावड करीत. दोघांचे मिळून सहा एकर, जोडी एक. गुणोत्तर १ : ३ चे १ : ६ झाले, एकराचा सातबारा होता तिथेच राहिला. ते बाबासाहेबांच्या निबंधातले तत्त्व अमलात आणीत होते, याची त्यांना कल्पना नव्हती. आम्हांलाही ती उशिराच आली.

शेवटी, ज्या मुलीने सत्तर ग्रॅम डाळीला हरकत घेतली, तिच्या घरच्या हिशेबाकडे येतो. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते. तिथे माप 'कोयता' असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस गेला तर तो 'अर्धा कोयता'. वर्गात आम्ही सोयीचे आकडे घेतले : समजा उचल ८०,००० रुपये आणि दर टनाला ४०० रुपये. म्हणजे २०० टन ऊस तोडल्यावर उचल फिटते. जोडीने दिवसाला दोन टन तोडला, तर १०० दिवस. दिवसाची कमाई ८०० रुपये.

"आठशे कुणाला?" असे आम्ही विचारले. कोयत्याला आठशे, माणसाला चारशे. दिवस बारा तासांचा धरला, तर माणसाला तासाला ३३ रुपये आणि काही पैसे. पूर्वपद तेच ठेवून उत्तरपद बदलत गेलो, तसे आकडे उतरत गेले आणि वर्ग शांत होत गेला. तीच मुलगी पुन्हा उठली. आई पहाटे तीनला उठून भाकरी करते, पाणी आणते. ते तास या बारांत धरायचे का, असे तिने विचारले. आम्ही म्हणालो, धरून पाहा. तिने चौदा तास धरले आणि आईचा तासाचा दर साडेअठ्ठावीस रुपयांच्या जवळ आला. मग तिने वहीत आईचा आणि वडिलांचा दर वेगवेगळ्या ओळींत लिहिला. मुकादमाच्या वहीत मात्र दोघांची मिळून एकच ओळ असते आणि ती वडिलांच्या नावाने.

गणिताची जागा आता भरली आहे आणि आम्ही आमच्या इतिहासाकडे परतलो आहोत. तरी नव्या गणित शिक्षकांच्या संमतीने आठवीच्या वर्गाची एक वही चालू ठेवली आहे. तीत मुले घरून आणलेले खरे कागद चिकटवतात : सोसायटीची पावती, सोनेतारणाची चिठ्ठी, बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी, कापसाची काटापट्टी, आणि प्रत्येक आकड्यापुढे 'कशाच्या मानाने' हे लिहितात. माजी विद्यार्थ्यांपाशी आणि पालकांपाशी हाली सिक्क्याच्या काळातील एखादी जुनी वही, बटईचा लेखी करार अथवा उचलीचा कागद असेल, तर येत्या मेळाव्याला येताना त्याची छायाप्रत आणावी. मूळ कागद घरीच जपून ठेवावा.